विमान पडल्यानंतर कोणी बोलायचे

२९ जानेवारी २०२५ रोजी रात्री नऊ वाजायला थोडा अवकाश असताना वॉशिंग्टनच्या रेगन राष्ट्रीय विमानतळावर उतरू पाहणाऱ्या एका प्रवासी विमानाची अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरशी टक्कर झाली आणि दोन्ही पोटोमॅक नदीत कोसळून ६७ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, १२ जूनच्या दुपारी, अहमदाबादहून लंडनच्या गॅटविककडे निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ उड्डाणानंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले आणि जमिनीवरच्या माणसांसह २६० जण गेले. मी उत्तर व्हर्जिनियात, त्या विमानतळापासून फार दूर नसलेल्या वस्तीत राहते. म्हणजे एक अपघात माझ्या दाराशी झाला आणि दुसरा माझ्या देशात. वर्षभर या दोन्ही चौकशांचा पाठपुरावा करताना मला असे दिसत गेले की, दोन देशांतला मोठा फरक विमानांत नाही, पैशात नाही आणि माणसांच्या कर्तबगारीत तर मुळीच नाही. विमान पडल्यानंतर लोकांशी कोण बोलते, किती बोलते आणि बोलणारा कोणाच्या हाताखाली नोकरी करतो, यात तो फरक आहे. वैमानिकांची विश्रांती, तेजस या देशी लढाऊ विमानाचा विलंब, हवाई दलाचे अपघात असे जे वाद मायदेशी वर्षभर गाजले, त्यांतल्या बहुतेकांच्या तळाशी मला हाच प्रश्न दिसतो.

अमेरिकेत वाहतुकीच्या अपघातांची चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, म्हणजे एनटीएसबी, करते. १९६७ मध्ये ही संस्था वाहतूक खात्याच्या छत्राखाली सुरू झाली होती. १९७४ च्या कायद्याने अमेरिकी संसदेने तिला त्या खात्यातून बाहेर काढले, कारण हवाई मार्ग, नियंत्रक आणि परवाने ज्या खात्याच्या अखत्यारीत आहेत, त्याच खात्याच्या चुका त्याच खात्याच्या माणसांनी शोधाव्यात हे कोणालाच पटण्यासारखे नव्हते. या मंडळाला नियम करण्याचा अधिकार नाही आणि दंड ठोठावण्याचाही नाही. शिफारस करणे आणि ती जाहीरपणे करणे, एवढेच त्याचे बळ आहे. पोटोमॅकच्या दुर्घटनेत ते बळ कसे वापरले गेले हे मी जवळून पाहिले. अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांत रोज मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी आणि त्यांचे सहकारी पत्रकारांसमोर उभे राहत आणि आज काय कळले, काय अजून कळलेले नाही, हे सांगत. ११ मार्चला प्राथमिक अहवाल आला, त्याच दिवशी तातडीच्या शिफारशी आल्या. जुलैच्या अखेरीस तीन दिवसांची जाहीर सुनावणी झाली, ती कोणालाही घरबसल्या पाहता येत होती, आणि तिच्यासोबत हजारो पानांची कागदपत्रे खुली झाली.

त्या सुनावणीतला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. हेलिकॉप्टर आणि विमान जवळ येत असताना नियंत्रकाने हेलिकॉप्टरला विमानाच्या मागून जाण्याची सूचना दिली होती. पण नेमक्या त्याच क्षणी हेलिकॉप्टरमध्ये कोणीतरी बोलण्यासाठी माइकचे बटण दाबले होते, आणि ०.८ सेकंदांच्या त्या आवाजात सूचनेतला ‘मागून’ एवढाच भाग बहुधा बुडाला. आणखी एक तपशील उंचीचा. त्या मार्गावर हेलिकॉप्टरला २०० फुटांच्या वर जाण्याची परवानगी नव्हती आणि टक्कर २७८ फुटांवर झाली. वैमानिकावर बोट ठेवून इथेच थांबता आले असते. मंडळाने तसे न करता त्याच तुकडीची त्याच जातीची हेलिकॉप्टरे उडवून पाहिली आणि त्यांचे उंचीमापक प्रत्यक्षापेक्षा ८० ते १३० फूट कमी उंची दाखवतात असे आढळले. पुढे असेही मांडले गेले की, हेलिकॉप्टरने २०० फुटांची मर्यादा काटेकोर पाळली असती, तरी धावपट्टी ३३ कडे उतरणाऱ्या विमानाच्या आणि त्याच्यामध्ये काही ठिकाणी जेमतेम ७५ फूट अंतर उरले असते. म्हणजे दोष एका माणसाच्या हातून झालेल्या चुकीपुरता नव्हता. नकाशावर आखलेला मार्गच धोक्याचा होता.

हे सगळे वाचून अमेरिकेचे गोडवे गावेत असे मला वाटत नाही, आणि मायदेशीच्या मित्रांना मी तसे सांगतही नाही. ज्या विमानतळाविषयी मी लिहीत आहे, तिथे ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात विमाने आणि हेलिकॉप्टरे धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी सरकारी संगणकात पडून होत्या आणि त्यांतल्या ८५ अत्यंत गंभीर होत्या. नियामक संस्थेकडे, म्हणजे फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनकडे, आकडे होते; ते पाहून मार्ग बदलण्याची इच्छा नव्हती. पेंटागॉन आणि विमानतळाचा नियंत्रण मनोरा यांच्यातली थेट दूरध्वनी जोडणी मार्च २०२२ पासून बंद होती आणि ती बंद असल्याचे नियामकाला अपघातानंतर तीन महिन्यांनी, दुसऱ्या एका हेलिकॉप्टरमुळे दोन विमानांना उतरणे सोडून द्यावे लागले तेव्हा कळले. २०२५ मध्ये हवाई नियंत्रकांची तीन हजारांहून अधिक पदे रिकामी होती. आणि नदीतून मृतदेह काढण्याचे काम चालू असतानाच खुद्द राष्ट्राध्यक्षांनी कसलाही पुरावा नसताना नोकरभरतीतल्या समावेशक धोरणांना दोष दिला. श्रीमंत आणि प्रगत देशात हे घडते. तरीही, राष्ट्राध्यक्ष काय म्हणाले याची पर्वा न करता चौकशी स्वतःच्या वाटेने पुढे गेली, कारण चौकशी करणारे मंडळ कोणत्याही खात्याच्या हाताखाली नव्हते. १७ डिसेंबरला सरकारने न्यायालयात लेखी कबूल केले की, नियंत्रकाच्या आणि लष्करी वैमानिकांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी सरकारवर येते. अपघाताला तेव्हा अकरा महिनेही झाले नव्हते.

आता अहमदाबादकडे येते. भारताच्या विमान अपघात तपास ब्युरोने, एएआयबीने, एका महिन्याच्या आत प्राथमिक अहवाल दिला, ही मी छोटी गोष्ट मानत नाही. एप्रिल २०२५ मध्येच दिल्लीत सुरू झालेल्या प्रयोगशाळेत ब्लॅक बॉक्समधली माहिती काढली गेली. एकेकाळी यासाठी परदेशाकडे पाहावे लागे. पंधरा पानांचा हा अहवाल तांत्रिकदृष्ट्या आखीवरेखीव आहे. विमानाने १८० नॉट हा सर्वाधिक वेग गाठताच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘बंद’ स्थितीत गेले, सुमारे दहा सेकंदांनी ते पुन्हा ‘चालू’ केले गेले, आणि तोवर उंची उरली नव्हती. याच अहवालात, एका वैमानिकाने दुसऱ्याला इंधन का बंद केलेस असे विचारले आणि दुसऱ्याने आपण केले नाही असे उत्तर दिले, एवढेच एक वाक्य आहे. कोणी विचारले, कोणी उत्तर दिले, त्याआधी आणि त्यानंतर काय बोलणे झाले, याचा मागमूस नाही.

संवादाचा एवढाच तुकडा का दिला, याचे उत्तर आजतागायत कोणी अधिकृतपणे दिलेले नाही. एक तर संवाद अंतिम अहवालापर्यंत राखून ठेवायचा होता, नाहीतर संदर्भासह द्यायचा होता. मधला मार्ग निवडल्यामुळे जे व्हायचे तेच झाले: अहवाल येण्याच्या आधीपासूनच अमेरिकी वृत्तपत्रांतून निनावी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने वैमानिकांकडे बोट दाखवणाऱ्या बातम्या सुरू झाल्या होत्या, त्यांना आता अधिकृत आधार मिळाला. होमेंडी यांनी स्वतः १८ जुलैला या बातम्या घाईच्या आणि अंदाजाच्या आहेत असे सांगितले, पण भारतातल्या चौकशीविषयी अधिकाराने आणि रोज बोलणारा आवाज भारतातून यायला हवा होता, तो आला नाही. त्या रिकाम्या जागेत प्रत्येकाने आपापला तर्क भरला. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या आठवड्यात दोन तट पडले. एका गटाच्या मते सगळा दोष बोइंगचा होता आणि अमेरिका आपल्या कंपनीला वाचवण्यासाठी भारतीय वैमानिकाचा बळी देत होती. दुसऱ्या गटाच्या मते भारतात असेच चालायचे. विमान अभियांत्रिकीत आयुष्य घालवलेली माणसेही या भांडणात उतरली, आणि दोन्ही बाजूंना हाताशी असलेला पुरावा त्याच एका वाक्याचा होता.

याची किंमत कोणी मोजली हेही सांगितले पाहिजे. मुख्य वैमानिक मुंबईचे. त्यांच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना, मुलाच्या अंत्यसंस्कारानंतर काही महिन्यांत, न्यायालयाच्या देखरेखीखाली स्वतंत्र चौकशी व्हावी म्हणून वैमानिकांच्या संघटनेसह सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. ७ नोव्हेंबरला खंडपीठाने त्यांना धीर देत सांगितले की, या अपघाताचा दोष त्यांच्या मुलावर कोणी लादू शकत नाही आणि त्यांनी ते ओझे मनावर घेऊ नये. न्यायमूर्तींच्या या शब्दांबद्दल मला आदर आहे. पण वृद्ध बापाला एवढे आश्वासन मिळवण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागणे, यातच चौकशी यंत्रणेवरचा विश्वास कुठे येऊन ठेपला आहे ते कळते. आणि वैमानिकाची खरोखर चूक असेल, तर तेही निःशंकपणे सांगता येण्याइतकी पत या यंत्रणेकडे हवी. आज ती जे काही सांगेल, त्यावर निम्मा देश विश्वास ठेवणार नाही.

या अविश्वासाचे कारण माणसांच्या प्रामाणिकपणात शोधणे मला अन्यायाचे वाटते. ते रचनेत आहे. एएआयबी २०१२ पासून वेगळी संस्था म्हणून काम करते, पण ती नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला जोडलेली आहे. नियम करणारे आणि ते पाळले जातात की नाही हे तपासणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याच मंत्रालयाखाली येते. बहुतेक विमानतळांवरची हवाई वाहतूक नियंत्रणाची व्यवस्था ज्या प्राधिकरणाकडे आहे, तेही याच मंत्रालयाखाली. अपघाताच्या साखळीतली कोणती कडी तुटली हे शोधताना यांपैकी एखाद्या कार्यालयाकडे बोट दाखवण्याची वेळ आली, तर चौकशी अधिकारी ज्या सचिवाला उत्तरदायी असतो त्याच सचिवाच्या दुसऱ्या खात्याला त्याने दोषी ठरवायचे असते. डीजीसीएतल्या १,०६३ मंजूर पदांपैकी केवळ ५५३ भरलेली होती, हे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदीय समितीने सांगितले. उद्या एखाद्या अहवालाला लिहावे लागले की, तपासणीला माणूसच नव्हता म्हणून दोष राहून गेला, तर ते वाक्य मंत्रालयाच्या इमारतीतून विनासायास बाहेर पडेल का? १९३४ चा विमान कायदा रद्द करून आणलेला भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. नव्वद वर्षांनी कायदा नव्याने लिहिण्याची संधी आली होती, आणि तरीही चौकशी यंत्रणा केंद्र सरकारच्या देखरेखीखालीच ठेवली गेली. याची चर्चा मराठी वृत्तपत्रांत मला जवळजवळ दिसली नाही.

डिसेंबरमध्ये इंडिगोचे वेळापत्रक कोसळले, तेव्हाचा वाद मला याच रांगेतला वाटतो. वैमानिकांच्या थकव्यासंबंधीचे नवे नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते: साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीच्या कामात जास्तीत जास्त लँडिंग सहाऐवजी दोन. कंपन्यांच्या विरोधामुळे ते पुढे ढकलले गेले, दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले, आणि शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला आला. म्हणजे तयारीला पावणेदोन वर्षे मिळाली होती. देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे दोन तृतीयांश ज्या एका कंपनीतून जातात, तिच्याकडे ऐन मोसमात पुरेसे वैमानिक नव्हते आणि ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. पुण्याच्या आणि मुंबईच्या विमानतळांवर लग्नाला, परीक्षेला, अंत्यविधीला निघालेली माणसे बॅगांच्या ढिगाऱ्यात बसलेली सगळ्यांनी पाहिली. सरकारने तिकिटांच्या दरांवर मर्यादा घातली, नंतर कंपनीला उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करायला लावली, हे योग्यच झाले. पण सर्वांत आधी जे झाले ते असे की, रात्रीच्या कामाचे नियम त्या कंपनीपुरते १० फेब्रुवारीपर्यंत शिथिल केले गेले.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोजवळ १२ फेब्रुवारी २००९ ला कोल्गन एअरचे विमान पडून ५० जण गेले, त्याची कथा इथले प्रत्येक प्रशिक्षणार्थी वैमानिक शिकतात. त्या विमानाचे दोन्ही वैमानिक थकलेले होते. मृतांचे नातेवाईक त्यानंतर अनेक महिने वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या दारांत उभे राहिले, २०१० मध्ये कायदा झाला, आणि जानेवारी २०१४ पासून प्रवासी विमानांच्या वैमानिकाला कामापूर्वी सलग दहा तासांची विश्रांती मिळणे बंधनकारक झाले. मालवाहू विमानांना त्यातून वगळले गेले, हा त्या नियमाचा मोठा दोष आहे आणि वैमानिकांच्या संघटना आजही त्याविरुद्ध बोलतात. पण प्रवासी विमानांसाठीचा नियम एखाद्या कंपनीच्या अडचणीसाठी सैल करावा, असे कोणत्याही सरकारला सुचवताही आलेले नाही, कारण त्यामागे ५० कुटुंबे नाव-गावासह उभी आहेत. आणि कोल्गननंतर पोटोमॅकपर्यंत जवळजवळ सोळा वर्षे अमेरिकी कंपन्यांच्या प्रवासी विमानांना तसा मोठा अपघात झाला नाही. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प झाले, नियंत्रक बिनपगारी काम करत थकले, तेव्हा इथल्या नियामकाने ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे कमी केली. त्यात राजकारण नव्हते असे मी म्हणणार नाही. माणसे कमी पडली तेव्हा विमाने कमी केली गेली, एवढेच मला नोंदवायचे आहे.

नागरी आणि लष्करी विमानविद्या यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाही, हे २०२५ या वर्षाने परदेशस्थ मराठी माणसाला फार जवळून दाखवले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिलपासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले, मेमध्ये ऑपरेशन सिंदूरच्या काळात उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद राहिले, आणि १ सप्टेंबरपासून एअर इंडियाने दिल्ली–वॉशिंग्टन थेट सेवा थांबवली. जुन्या ७८७ विमानांची अंतर्गत डागडुजी आणि वळसा घालून जाण्याचा वाढलेला प्रवास अशी दोन कारणे कंपनीने दिली. इथल्या कितीतरी कुटुंबांत नाशिक-सातारा-सोलापूरचे आईवडील त्याच विमानाने येत असत, कारण इंग्रजी न येणाऱ्या सत्तरीच्या बाईला व्हीलचेअरवर बसवून दिले की मध्ये कुठेही विमान बदलावे लागत नसे. आता त्यांना फ्रँकफर्ट किंवा आखाताचा मार्ग धरावा लागतो, आणि २३ जूनला इराणची क्षेपणास्त्रे कतारमधल्या तळाकडे निघाली तेव्हा आखाती आकाशही काही तास बंद होते.

लष्करी बाजूबद्दल लिहिताना माझे मन तटस्थ राहत नाही, कारण माझे बालपण नाशिकजवळच्या ओझरला, एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्याच्या वसाहतीत गेले. आमच्या पंचक्रोशीत त्या जागेला आजही लोक ‘ओझर मिग’ म्हणतात. एसटीचा वाहकही तसेच ओरडतो. १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभारलेला तो कारखाना, पहाटे भोंगा वाजल्यावर सायकलींची निघणारी रांग, आणि पिंपळगावच्या द्राक्षबागांवरून कानठळ्या बसवत जाणारी चाचणीची उड्डाणे, यांच्यात आम्ही मोठे झालो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला हवाई दलाने निरोप दिला. बासष्ट वर्षांची ती सेवा होती, १९७१ च्या युद्धात त्या विमानाने जे केले त्याचा अभिमान ओझरच्या प्रत्येक घराला आहे, आणि तो खरा आहे. त्याचबरोबर, मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलेला आकडाही खरा आहे: मिग श्रेणीतल्या ८७२ विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिकांनी प्राण गमावले. निरोपाच्या दिवशी मराठी माध्यमांत पहिली गोष्ट भरभरून आली. दुसरी का घडली, सुटे भाग, प्रशिक्षणाच्या विमानांचा तुटवडा आणि बदली विमानाला लागलेली दशके यांचा त्यात किती वाटा होता, याची मांडणी फार थोड्या ठिकाणी दिसली.

मिगच्या निरोपानंतर लढाऊ विमानांच्या तुकड्या मंजूर ४२ वरून २९ वर आल्या. ही पोकळी ज्याने भरायची त्या तेजस मार्क-१ए ची ८३ विमाने २०२१ मध्ये मागवली होती, पहिले विमान मार्च २०२४ च्या सुमारास मिळायचे होते, आणि २०२५ संपत आले तरी एकही हवाई दलात दाखल झालेले नव्हते. मात्र सप्टेंबरमध्ये आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी फेब्रुवारीत एचएएलवर सध्या भरवसा वाटत नसल्याचे आणि मेमध्ये एकही संरक्षण प्रकल्प वेळेत पूर्ण झालेला आठवत नसल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली की सेनाधिकाऱ्याने अशा गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत. मला ते बोलले याचाच आनंद झाला. विलंबाचा मोठा भाग अमेरिकी कंपनीकडून एफ-४०४ इंजिने वेळेवर न येण्याचा आहे, हेही त्यांच्या बोलण्यामुळे सामान्य वाचकापर्यंत पोचले. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये आले. १७ ऑक्टोबरला ओझरच्या धावपट्टीवरून तिथेच तयार झालेले पहिले तेजस उडाले, तेव्हा गावाकडच्या मैत्रिणीने पाठवलेली चित्रफीत मी कितीदा पाहिली ते सांगता येणार नाही. अभिमान आणि जाब विचारणे या एकमेकींच्या विरोधातल्या गोष्टी आहेत, असे मला ओझरने कधी शिकवले नाही. कारखान्यात काम करणारी माणसेच घरी येऊन चुकांबद्दल सर्वांत पोटतिडकीने बोलत.

विलंब इथेही होतो. २०२४ मध्ये मिळालेली ११० एफ-३५ लढाऊ विमाने एकजात उशिरा आली आणि सरासरी उशीर २३८ दिवसांचा होता. हा आकडा मला कोणा पत्रकाराच्या गुप्त सूत्राकडून कळला नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने तो सप्टेंबरमध्ये स्वतः छापला. २०२५ च्या २८ जानेवारीला अलास्कात एक एफ-३५ कोसळले, वैमानिक बचावला, आणि सात महिन्यांत हवाई दलाचा चौकशी अहवाल सार्वजनिक झाला. हायड्रॉलिक तेलात पाणी शिरले होते, थंडीत त्याचा बर्फ झाला, चाके अडकली, आणि वैमानिक हवेत असतानाच सुमारे ५० मिनिटे कंपनीच्या अभियंत्यांशी फोनवर बोलत होता, इतका बारीक तपशील त्यात आहे. जगातल्या सर्वांत गुप्त मानल्या जाणाऱ्या लढाऊ विमानाविषयी हे छापल्याने अमेरिकेच्या शत्रूंना काही मोठे हाती लागले असे कोणी म्हटले नाही. लष्कराच्या अंतर्गत सुरक्षा चौकशीची कागदपत्रे इथेही बंद राहतात, आणि ते रास्त आहे. पण तिच्या जोडीला लोकांसाठी दुसरा अहवाल तयार होतो.

२१ नोव्हेंबरला दुबईच्या हवाई प्रदर्शनात तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. हवाई दलाने चौकशी न्यायालय, म्हणजे दलाचेच अंतर्गत चौकशी मंडळ, नेमले. आजवरची रीत पाहता त्याचा निष्कर्ष आपल्यापर्यंत एखाद्या ओळीच्या स्वरूपात येईल. २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाचे ३४ अपघात झाले, हे एका संसदीय समितीच्या अहवालातून डिसेंबर २०२४ मध्ये कळले, आणि जनरल बिपिन रावत ज्यात गेले त्या हेलिकॉप्टर अपघाताचे कारण त्या तक्त्यात ‘मानवी चूक’ एवढ्या शब्दांत उरकले होते. युद्धकाळातली गुप्तता मी मान्य करते. सिंदूरमध्ये आपली किती विमाने गेली, हा आकडा सरसेनाध्यक्ष अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये सांगितला नाही, पण हानी झाली आणि चूक सुधारून पुन्हा उड्डाणे केली हे मोकळेपणाने सांगितले. लढाई ताजी असताना तेवढे पुरेसे होते. परंतु शांततेच्या काळात, परदेशी प्रेक्षकांसमोर, हजारो कॅमेऱ्यांत टिपला गेलेला अपघात हा युद्धाचे गुपित नव्हे. तेजस विकत घेऊ पाहणाऱ्या देशांनाही कारण हवे आहे, आणि उद्या त्याच विमानात बसणाऱ्या नाशिक-कोल्हापूरच्या तरुणाच्या आईलाही.

नवी मुंबईच्या विमानतळाविषयी थोडक्यात. ८ ऑक्टोबरला उद्घाटन आणि २५ डिसेंबरला पहिली उड्डाणे झाली. त्याला दि. बा. पाटलांचे नाव मिळावे ही भूमिपुत्रांची मागणी मला न्याय्य वाटते. परंतु उलव्याची टेकडी सपाट करून, नदीचा प्रवाह वळवून, खारफुटी आणि पाणथळ जागांच्या मधोमध हा विमानतळ उभा आहे. २०२४ च्या २९ डिसेंबरला दक्षिण कोरियातल्या मुआन येथे पक्ष्यांच्या धडकेने सुरू झालेल्या दुर्घटनेत १७९ माणसे गेली, हे लक्षात घेता पक्ष्यांच्या नोंदी आणि त्यांवरचे उपाय दर तिमाहीला लोकांसमोर यावेत, अशी मागणी नावाच्या मागणीइतक्याच जोराने व्हायला हवी होती.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अहमदाबादचा अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात, म्हणजे १२ जून २०२६ पर्यंत, यायला हवा. तोवर पूर्ण झाला नाही तर वर्षपूर्तीला निवेदन द्यावे लागते. त्याआधी संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन आहे. वायुयान अधिनियमात दुरुस्ती करून एएआयबीला मंत्रालयातून बाहेर काढावे, तिच्या प्रमुखाची नेमणूक आणि मुदत कायद्याने ठरवावी, आणि मोठ्या अपघातात जाहीर सुनावणी बंधनकारक करावी, असे विधेयक मांडायला एका खासदाराची सही पुरते. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. वैमानिक मुंबईचे होते, तेजस आता ओझरला बनते, आणि नवा मोठा विमानतळ पनवेलजवळ आहे. इथल्या आमच्या मंडळाने आपापल्या मतदारसंघातल्या खासदारांना तसे पत्र लिहायचे ठरवले आहे, आणि पुण्या-मुंबईतल्या वैमानिकांच्या आणि ग्राहकांच्या संघटनांनी त्यावर सह्या कराव्यात अशी विनंती या लेखाबरोबर करते.